मदत हवी आहे: सुटलेला बॉल आमच्या माणसाच्या पोटाखाली, तरी मिळाला समोरच्यांना. का?

रात्रपाळी:
फुटबॉलचे नियम पाठ असलेलं कुणी आहे का इथे? बॉल सुटला, आमच्या गड्याने झडप घालून छातीशी धरला, वर पाच-सहा जण कोसळले. ढीग उपसला तेव्हाही बॉल त्याच्याच पोटाखाली. पंचांनी दिला समोरच्यांना! रीप्ले बघूनही तेच. ठरवतात तरी कसं? लवकर सांगा, पैज लागलीये.

गोलपोस्ट:
कीपरचा हात आणि जमीन यांच्यामध्ये बॉल असला तरी ताबा त्याचाच धरतात. पण २०२५-२६ पासून ८ सेकंदांहून जास्त धरला की समोरच्यांना कॉर्नर. तेच झालं असणार.

रात्रपाळी:
कीपर कुठून आला? एनएफएल हो, अमेरिकन फुटबॉल!

चौथा_डाऊन:
मग आधी तसं लिहायचं ना. फम्बल, म्हणजे पक्का हातात असलेला बॉल सुटला, की पास झेलताना निसटला? झेल पुरा झालाच नसेल तर तो अपूर्ण पास. जमिनीला लागला की बॉल मेला, मग कुणी कितीही कवटाळो.

रात्रपाळी:
फम्बलच. समोरच्यांचा रनिंग बॅक, बॉल घेऊन पळणारा गडी, चांगला पळत होता.

हेल्मेटकाका:
ढिगात काय चालतं ते मला विचारा, कॉलेजात खेळलोय. बोटं पिरगाळतात, चिमटे काढतात. पंच पोचेपर्यंत बॉलचे दोन मालक बदललेले असतात. शेवटी ज्याच्या हातात सापडला त्याचा.

चौथा_डाऊन:
काका, पक्का ताबा आधी कुणाचा, हे बघायचं असतं. दोघांनी एकदम धरला तर ज्यांच्याकडून सुटला त्यांचा.

हेल्मेटकाका:
कागदावर. ढिगाखाली कॅमेरा जातो का?

जुनाफॅन:
२०१२ ची सिअ‍ॅटल-ग्रीन बे मॅच आठवा! बदली पंच, शेवटचा पास, बॉलवर दोघांचे हात. एका पंचाने टचडाऊन, म्हणजे गुण, दिला, शेजारच्याची खूण वेगळीच. ग्रीन बेवाले अजून दात खातात.

चौथा_डाऊन:
तो पास होता, इथे फम्बल आहे. रात्रपाळी, हे मैदानाच्या मध्ये झालं की साइडलाइनजवळ?

रात्रपाळी:
साइडलाइनलाच. पण बॉल चांगला हातभर आत होता. धरताना त्याचा फक्त एक पाय रेषेवर होता.

चौथा_डाऊन:
फक्त?! अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं. रेषा म्हणजेच बाहेर. बाहेरचा खेळाडू सुटलेल्या बॉलला शिवला की बॉलही बाहेर, मग तो कितीही आत असो. आणि फम्बल असा बाहेर गेला की ज्यांच्याकडून सुटला त्यांच्याकडेच राहतो. तुमचा ढीग पडला तेव्हा खेळ थांबलेला होता.

रात्रपाळी:
पण कॉलेजात एक पाय आत असला तरी चालतं ना?

चौथा_डाऊन:
दुसरा हवेत असेल तर. रेषेवर असेल तर तिथेही नाही.

गोलपोस्ट:
आमच्याकडे खेळाडू कुठेही उभा असो, अख्खा बॉल रेषेपार गेल्याशिवाय बाहेर नाही. खरा फुटबॉल बघा.

रात्रपाळी:
भाऊ रात्रीपासून "पाय बघ, पाय बघ" म्हणून ओरडत होता. पैज त्याच्याशीच आहे.

हेल्मेटकाका:
ते ठीक, पण बोटं खरंच पिरगाळतात.