सराफाच्या पेढीचंच हिऱ्याचं सर्टिफिकेट आहे, तेवढ्यावर घ्यावा का?

रंकाळाकर

लेकीचा साखरपुडा मार्गशीर्षात आहे. तिच्यासाठी अंगठी ठरवली आहे: १८ कॅरेट सोनं आणि मधे एकच हिरा, ५० सेंटचा, म्हणजे अर्ध्या कॅरेट वजनाचा. कोल्हापुरात ज्या पेढीशी आमचं आजोबांपासून जाणंयेणं आहे, तिथेच करायला टाकायची आहे. आईच्या पाटल्या, बायकोचं मंगळसूत्र, सगळं तिथलंच. सोन्यात आजवर गुंजभर फरक आलेला नाही. पण हिरा आमच्या घरात पहिल्यांदाच येतोय आणि त्यातलं मला काही कळत नाही.

हिऱ्याचे एक लाख चाळीस हजार सांगितलेत, सोनं आणि घडणावळ वेगळी. सोबत पेढीचंच कार्ड मिळणार. त्यावर वजन ०.५०, रंगाची ग्रेड जी, क्लॅरिटी म्हणजे आतल्या स्वच्छतेची ग्रेड व्हीएस१, कट एक्सलंट असं छापलेलं आणि खाली पेढीचा शिक्का. होणारे जावई म्हणतात, जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या लॅबचा रिपोर्ट मागा. मालकांना विचारलं तर म्हणाले, "दादा, बाहेरच्या कागदावर पैसे कशाला घालवता? माझा शब्द आहे ना. आणि दागिन्याला हॉलमार्क आहेच." त्यापुढे मला बोलवेना. तीन पिढ्यांच्या ओळखीत अविश्वास दाखवल्यासारखं होईल असं वाटलं.

हे कार्ड पुरेसं आहे का? आणि हॉलमार्कमध्ये हिऱ्याचीही तपासणी होते का?

सांगलीचा सराफ

हॉलमार्कचं आधी सांगतो, कारण तिथे गिऱ्हाइकांचा कायम घोळ होतो. हॉलमार्क धातूचा, म्हणजे इथे फक्त सोन्याचा. तुमच्या अंगठीवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, १८ कॅरेटसाठी ७५० आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख-नंबर असेल. तो नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. पण त्यात हिऱ्याच्या दर्जाबद्दल एक अक्षरही नसतं.

असं कार्ड आम्हीही देतो आणि त्यात लबाडी काही नाही. दागिना उद्या बदलायला आणलात तर तो आमचाच आहे, आम्ही काय म्हणून विकला होता, हे त्यावरून कळतं. बारीक हिऱ्यांच्या कुड्यांना, पेंडंटला तेवढं चालतं. एकच मोठा हिरा असेल तर मात्र मी स्वतः मुंबईहून लॅबच्या रिपोर्टसकटच मागवतो. माझीही झोप शाबूत राहते.

गिरगावची मीनल

काका, मी हिऱ्यांच्या असॉर्टिंगमध्ये, म्हणजे प्रतवारी लावायचं काम करते. आधी ऑपेरा हाऊसला होते, बाजार बीकेसीला भारत डायमंड बोर्समध्ये हलल्यावर तिथे. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही मालकांवर विश्वास ठेवता, तो ठेवाच. पण हिरा त्यांनी पाडलेला नाही. तो सुरतेत किंवा मुंबईत पैलू पाडून, दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातून, पुडीत बांधून त्यांच्यापर्यंत आला. पुडीवर जे लिहिलं होतं, तेच बहुतेक वेळा कार्डावर उतरतं. म्हणजे शब्द मालकांचा आणि माहिती तिसऱ्याचीच. ज्याला तुम्ही कधी भेटला नाहीत त्याच्या सांगण्यावर तुम्ही एक लाख चाळीस हजार मोजताय.

आता रंग कसा ठरतो ते सांगते. सुटा हिरा पांढऱ्या कागदाच्या घडीत उलटा, टोक वर करून ठेवायचा, शेजारी ठरलेल्या रंगाचे मास्टर स्टोन ठेवायचे आणि सारख्या, स्वच्छ उजेडात बाजूने बघायचं. जी आणि आय यांत दोनच पायऱ्यांचा फरक. सोन्याच्या कोंदणात बसवून दुकानाच्या पिवळ्या-पांढऱ्या दिव्यांखाली ठेवलात तर हा फरक मलाही खात्रीने सांगता येणार नाही, आणि माझं तर पोट त्यावर चालतं. भाव मात्र पायरीगणिक उतरतो. इतक्या बारीक फरकाचा निवाडा ज्याला माल विकायचा आहे त्याने करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. माणूस कितीही सज्जन असो, दोन ग्रेडच्या मधला हिरा हातात आला की विकणाऱ्याची नजर वरच्या ग्रेडकडे झुकते. मी हे रोज बघते.

पण रंग आणि क्लॅरिटीपेक्षाही मला काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. तुमच्या कार्डावर 'नैसर्गिक' हा शब्द आहे का? तुम्ही लिहिलेल्या मजकुरात तो नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा, बाजारात ज्याला सीव्हीडी किंवा एचपीएचटी म्हणतात, तो नकली नसतो. तोही कार्बनच, तितकाच कठीण, तितकाच चमकणारा. पण तो नैसर्गिकाच्या अगदी थोड्या भावात मिळतो. दुकानातला पेनसारखा टेस्टर लावला तर तो यालाही हिराच म्हणेल, कारण टेस्टर फक्त उष्णता किती वेगाने वाहून जाते ते बघतो. हिरा खाणीतून आला की यंत्रातून, ते त्याला कळत नाही. दहापट मोठं दाखवणाऱ्या लूपखालीही ते सांगता येत नाही. त्यासाठी स्पेक्ट्रोस्कोपीची उपकरणं लागतात आणि ती लॅबकडे असतात. तुमच्या मालकांनाही कुणी फसवलं असेल तर त्यांना ते दुकानात बसून समजायचं नाही.

म्हणून अंगठी घडवायच्या आधी, हिरा सुटा असतानाच रिपोर्ट करून घ्या. जीआयए दागिन्यात जडवलेल्या हिऱ्याचा ग्रेडिंग रिपोर्ट देतच नाही, सुटाच लागतो. आयजीआय जडवलेला दागिना तपासते, पण तेव्हा कोंदणातून जेवढं दिसतं तेवढ्यावरच ग्रेड देता येते. फी हिऱ्याच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते.

ठाण्याहून अनघा

मीनलताईंशी सहमत, पण लॅबचा कागद आहे म्हणजे झालं असंही नको. ईजीएल नावाच्या लॅबचे रिपोर्ट इतके सैल ग्रेडिंगचे निघाले की २०१४ साली रॅपनेट या हिऱ्यांच्या मोठ्या ऑनलाइन बाजाराने ते यादीतूनच काढून टाकले. त्यामुळे लॅब कुठली, हे आधी विचारा. आणि रिपोर्टमध्ये किंमत नसते. तीच लॅब आणि तीच ग्रेड सांगून आणखी दोन ठिकाणी भाव विचारा.

रंकाळाकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी कार्डाचा नमुना परत बघून आलो. 'डायमंड' एवढंच आहे, नैसर्गिक असं कुठेही नाही. मालकांशी बोलायचं ठरवलंय, पण सुरुवात कशी करू? आणि रिपोर्ट आला तर तो याच हिऱ्याचा आहे हे मी कसं ओळखू?

गिरगावची मीनल

काका, जावयांचं नाव पुढे करू नका, सरळ बोला. "हिरा आम्हाला पसंत आहे. जीआयएच्या रिपोर्टसकट द्या, फी मी भरतो. ग्रेड कार्डाप्रमाणे आली तर ठरलेला भाव, कमी आली तर त्या ग्रेडचा भाव किंवा दुसरा हिरा." ज्याला स्वतःच्या मालाची खात्री आहे तो याला नाही म्हणणार नाही. पन्नास सेंटचे हिरे बाजारात रिपोर्टसकट सर्रास मिळतात, त्यामुळे ते तयार रिपोर्टवाला दुसराच हिरा मागवतील असंही होईल. ते तर उत्तमच.

रिपोर्ट हातात आला की त्यावरचा नंबर जीआयएच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. पन्नास सेंटच्या हिऱ्याला जीआयए बहुधा 'डायमंड डोसिए' नावाचा रिपोर्ट देते. त्यात हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, तोच नंबर लेझरने कोरलेला असतो. लूप मागून घ्या आणि जडवण्याआधी तो स्वतः वाचा. नुसत्या नंबरावर मात्र विसंबू नका. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यावर नैसर्गिक हिऱ्याच्या रिपोर्टचा नंबर कोरल्याची प्रकरणं खुद्द जीआयएने उघड केली आहेत. म्हणून तुमच्यासमोर काट्यावर वजन करायला सांगा, ते सेंटापर्यंत जुळलं पाहिजे. मग मिलिमीटरमधली मापं जुळवा. पन्नास सेंटचा गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर व्यासाचा असतो. वजन तेच आणि व्यास बराच कमी भरला, तर हिरा खोल कापलेला आहे आणि वरून लहान दिसेल.

अंगठी तयार होऊन आली की गर्डलवरचा नंबर परत एकदा बघा. हिरा धरून ठेवणारी सोन्याची नखं बसवताना तो झाकला जाऊ नये म्हणून कारागिराला आधीच सांगून ठेवा.

बिलावर "नैसर्गिक हिरा, ०.५० कॅरेट, जी, व्हीएस१" आणि रिपोर्टचा नंबर लिहून घ्या. सोनं, हिरा आणि घडणावळ यांच्या रकमा वेगवेगळ्या हव्यात. पुढे कधी ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तर बिलच कामाला येतं. पेढीचं कार्डही घ्या, अदलाबदलीला ते लागेल, पण अदलाबदलीत हिऱ्याचे किती टक्के परत देणार ते आत्ताच लिहून मागा. सोन्यासारखा पुरा भाव हिऱ्याला परत मिळेल असं धरून चालू नका.

मार्गशीर्षाला अजून वेळ आहे, पण सणाच्या दिवसांत लॅबमध्ये गर्दी असते. या आठवड्यातच बोला.