झेन्जो ही जपानी महिला कुस्ती कंपनी 2005 मध्ये बंद का पडली? जपानी महिला कुस्तीची उतरती कळा नेमकी कधी लागली?

लालपट्टा:
20 नोव्हेंबर 1994 ला टोकियो डोममध्ये झेन्जोचा 23 लढतींचा कार्यक्रम झाला, तो मध्यरात्रीपर्यंत चालला. आणि एप्रिल 2005 मध्ये आठवड्याभरात 10 तारखेला गाया जपान ही दुसरी महिला कुस्ती कंपनी आणि 17 ला झेन्जो (ऑल जपान विमेन्स) बंद. मानामी तोयोता, क्योको इनोउए, आजा काँग यांच्या त्या काळातल्या लढती आजही थक्क करतात. खेळ इतका वर असताना प्रेक्षक कुठे गेला? कुस्त्या दाखवणाऱ्या फुजी टीव्हीमुळे झालं म्हणावं, की कंपनीच्या पैशांमुळे?

तिसरीदोरी:
प्रेक्षक 1994 च्या आधीच बदलला होता. 1976 मध्ये ब्यूटी पेअर आणि 1983 नंतर क्रश गॅल्स (चिगुसा नागायो, लायनेस आसुका) या झेन्जोच्या जोड्यांना डोक्यावर घेतलं ते शाळकरी मुलींनी. त्यांची गाण्याची रेकॉर्ड निघायची आणि फुजी टीव्हीवर सगळं घराघरांत दिसायचं. 28 ऑगस्ट 1985 ला ओसाका-जो हॉलमध्ये केस पणाला लावलेल्या लढतीत खलनायिका डंप मात्सुमोतोने नागायोला हरवून रिंगमध्येच तिचे केस कापले, तेव्हा गॅलरीत रडणाऱ्या याच मुली होत्या. यांच्यातूनच नव्या कुस्तीगीर यायच्या, हे लोक विसरतात. भरतीच्या चाचणीला मुलींची रीघ लागायची आणि त्यातून मूठभर निवडल्या जायच्या.

1989 मध्ये नागायो आणि आसुका दोघी निवृत्त झाल्या आणि हा वर्ग पांगला. प्रक्षेपण रात्री उशिरावर गेलं. 1990 नंतर गॅलरीत बसू लागले ते पुरुष. कुस्तीतलं त्यांना उत्तम कळायचं, पण त्यांच्यामागून पंधरा वर्षांची मुलगी चाचणीला येत नाही. माझ्या मते खरी गळती इथे सुरू झाली. 1993-94 ची गर्दी हे तिच्यावरचं पांघरूण होतं.

कॉर्नरपोस्ट:
वरच्याशी सहमत, पण पैशाची बाजू सोडू नका. झेन्जोच्या मालक मात्सुनागा बंधूंनी तेजीच्या काळात कुस्तीची कमाई जमीनजुमला आणि हॉटेलांत घातली. बुडबुडा फुटला, कर्ज अंगावर आलं, पगार थकले आणि ऑक्टोबर 1997 मध्ये झेन्जोचं दिवाळं निघालं. कार्यक्रम पुढे चालू राहिले, पण बिनीच्या मुली निघून गेल्या: क्योको इनोउएने निओ लेडीज ही कंपनी काढली, आजा काँग रॉसी ओगावाच्या अर्सियन या नव्या कंपनीत गेली.

दुसरी गोष्ट आंतर-कंपनी लढतींची. 2 एप्रिल 1993 ला योकोहामा अरेनातल्या ड्रीम स्लॅम कार्यक्रमात झेन्जो, जेडब्ल्यूपी, एलएलपीडब्ल्यू आणि एफएमडब्ल्यू या कंपन्यांच्या मुली एकमेकींशी भिडल्या. झेन्जोची आकिरा होकुतो आणि एलएलपीडब्ल्यूची शिनोबू कांदोरी यांची लढत तिथलीच, आणि ती पाहिलीच पाहिजे. पण अशी लढत पहिल्यांदा होते तेव्हाच तिची किंमत असते. दीड-दोन वर्षांत बहुतेक मोठ्या जोड्या लावून झाल्या आणि डोमनंतर विकायला नवं काही उरलं नाही.

लालपट्टा:
पंचविशीत निवृत्तीचा अलिखित नियम तर तोवर ढिला झाला होता. त्याने फायदा व्हायला हवा होता ना?

तिसरीदोरी:
खेळाला झाला. होकुतो, बुल नाकानो, तोयोता पंचविशीनंतरही टिकल्या म्हणूनच त्या दर्जाच्या लढती झाल्या. पण जुना नियम क्रूर असला तरी वरची जागा दर काही वर्षांनी रिकामी करायचा आणि विशीच्या आतली मुलगी मुख्य लढतीत पोचायची. नियम गेल्यावर वरच्या जागा अडल्या. खालून येणाऱ्या मुलीही कमी झाल्या होत्या, त्यामुळे मधली फळी तयारच झाली नाही. गायाने 1995 मध्ये मेइको सातोमुरासारख्या मुली घडवल्या, पण तिकिटं खपवायला शेवटी निवृत्तीतून परतलेल्या नागायो-आसुकालाच पुन्हा एकत्र आणावं लागलं.

कॉर्नरपोस्ट:
शरीरावरचा भारही मोजा. मानेवर आणि डोक्यावर आपटणारे डाव रोजचे झाले. ऑगस्ट 1997 मध्ये प्लम मारिको आणि 1999 मध्ये अर्सियनची नवखी एमिको कादो रिंगमधल्या दुखापतींनंतर वारल्या. असं झाल्यावर कोणते आईबाप पोरीला पाठवतील?

रिंगघंटा:
आजचं चित्र मात्र वेगळं आहे. जानेवारी 2011 मध्ये सुरू झालेल्या ओगावाच्या स्टारडम कंपनीचा विजेतेपदाचा लाल आणि पांढरा पट्टा ही झेन्जोचीच परंपरा. 2019 मध्ये बुशिरोड या मनोरंजन कंपनीने ती विकत घेतली आणि 2023 मध्ये ती योकोहामा अरेनात पोचली. पण फेब्रुवारी 2015 ची स्टारडममधली योशिको-यासुकावा लढत विसरू नये. या कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो; ते ठरलेलं मोडून योशिकोने खरेच ठोसे मारले आणि यासुकावाच्या चेहऱ्याची हाडं मोडली. झेन्जोत नवख्यांच्या कुस्त्यांत चितपट खरोखर करावी लागायची, म्हणून वरच्या मुलींना खरा जोर लावणं आणि आवरणं दोन्ही ठाऊक असायचं. ती शिस्त शिकवणारी जागा 2005 नंतर बराच काळ नव्हती. 2024 मध्ये स्टारडमने करार संपवल्यावर ओगावाने मॅरीगोल्ड ही नवी कंपनी काढली आणि काही मुली त्याच्यासोबत गेल्या. थोड्याच मुली आणि वाढत्या कंपन्या, ही 1997 नंतरची अडचण तिथे अजून मिटलेली नाही.