'सूज', 'दाह' की आणखी काही? स्वादुपिंडाच्या निमित्ताने

चौकस: मावसभावाच्या डिस्चार्ज कार्डावर 'अ‍ॅक्यूट नेक्रोटायझिंग पॅन्क्रिएटायटिस' असं लिहिलंय. घरच्यांसाठी मराठीत करून देतोय, पण सुरुवातीलाच गाडी अडली. सूज, दाह की शोथ? 'नेक्रोटायझिंग'ला काय म्हणायचं? मावशीचा सवाल तर वेगळाच: "एवढी सूज होती, तर अँटिबायोटिक पहिल्या दिवसापासून का नाही दिलं?"

आडवाट: लिहिताना दाह. आंत्रपुच्छदाह, यकृतदाह, तसा स्वादुपिंडदाह. शोथ आयुर्वेदवाल्यांकडे जास्त, हिंदीतही. बोलताना मात्र सगळे "पॅन्क्रियाजला सूज आलीय" असंच म्हणतात. आणि कृपा करून हिंदीतलं 'अग्न्याशय' आणू नका, आपल्याकडे स्वादुपिंड छान रुळलंय.

शल्यविद्यार्थी: खरी मेख मावशींच्या प्रश्नात आहे. सूज म्हटलं की लाल, गरम, ठणकणारं गळू डोळ्यांपुढे येतं, म्हणजे जंतू आलेच. इथे सुरुवातीला बहुधा जंतू नसतातच. पित्ताचा खडा नळीच्या तोंडाशी अडकतो किंवा दारूचा मारा होतो, आणि आतड्यात जाऊन काम करायचे ते पाचकरस ग्रंथीतच जागे होतात. मग केशवाहिन्यांमधून पाणी पाझरतं, रक्त दाट होतं, बारीक गुठळ्या होतात. काहींच्या बाबतीत ग्रंथीचा एखादा भाग रक्तावाचून मरतो. कॉन्ट्रास्ट (शिरेतून सोडायचा डाय) देऊन काढलेल्या सीटीत हे सरळ दिसतं: जिवंत भाग उजळतो, मेलेला करडाच राहतो. रक्त नाही म्हणून डाय नाही. शिरेतून दिलेलं औषधही त्याच वाटेने जाणार ना? म्हणजे मेलेल्या भागात तेही नीट पोचत नाही.

शब्दवेडी: मग नेक्रोसिसला, म्हणजे या भाग मरण्याला, 'कोथ' का नको? सुटसुटीत आहे.

शल्यविद्यार्थी: कोथ म्हणजे सडणं, गँगरीन. त्यात जंतू गृहीत धरले जातात. स्वादुपिंडात मेलेला भाग निर्जंतुकही राहू शकतो, आणि पुढचे सगळे उपचार याच फरकावर ठरतात. या आजाराचे प्रकार ठरवणाऱ्या 2012 च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणातही निर्जंतुक आणि जंतुबाधित असे दोन वेगळे कप्पे आहेत. 'ऊतकमृत्यू' म्हणा, रुक्ष आहे पण चुकत नाही.

औषधवाला: 'रक्त आहे तिथे औषध पोचतं' हेही सरसकट म्हणता येत नाही. माणसाच्या स्वादुपिंडातलं अँटिबायोटिकचं प्रमाण मोजणारा अभ्यास 1992 मध्ये आला. त्यात टोब्रामायसिन, नेटिल्मिसिन फारच कमी सापडली, तर सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, इमिपेनेम चांगली. त्यावरून बरीच वर्षं अशी औषधं आगाऊच दिली जायची. मग 2004 मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन व मेट्रोनिडाझोल, आणि 2007 मध्ये मेरोपेनेम, यांची प्लासिबोशी (औषध नसलेल्या दिखाऊ डोसशी) तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या. फायदा दिसला नाही. म्हणून आता आगाऊ देत नाहीत; उगाच दिलं की दाद न देणारे जंतू आणि बुरशी माजायची भीती. माझ्या मते मावशींना हे सांगणं शब्द निवडण्याहून महत्त्वाचं.

चौकस: पण त्याला नंतर दिलं होतं. ताप पुन्हा चढल्यावर, तिसऱ्या आठवड्यात.

शल्यविद्यार्थी: म्हणजे जंतुबाधेची शंका आली असणार. सीटीत मेलेल्या भागात हवेचे बुडबुडे दिसले तर शंका पक्की होते. मग अँटिबायोटिक हवंच, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर सहसा भागत नाही, आतला घाण द्रव काढावा लागतो. पूर्वी थेट पोट उघडायचे. 2010 च्या डच चाचणीत आधी नळी घालून निचरा आणि गरज पडली तरच पुढचं, असा क्रम लावला. त्या गटातल्या 35 टक्के रुग्णांचं नळीवरच भागलं.

चौकस: बरं, असं लिहू का: "स्वादुपिंडाचा तीव्र दाह, ग्रंथीच्या काही भागाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मृत. सुरुवातीला जंतू नव्हते म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही. नंतर जंतुबाधा झाल्यावर दिलं आणि नळीने निचरा केला."

आडवाट: 'तुटून' नको हो, कुणी नस कापल्यासारखं वाटतं. 'बंद पडून' करा. आणि 'मृत' वाचून मावशी घाबरतील, 'निकामी' चालेल.

शब्दवेडी: घाबरल्या तरी चालेल, 'मृत'च ठेवा. निकामी झालेलं पुन्हा कामाला लागेल असं वाटतं, हे नाही लागणार.