होंग म्यूंग-बो : राग कामावरचा की नेमणुकीवरचा?

लिबेरो

जुलै २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षकपद होंग म्यूंग-बो यांच्याकडे दुसऱ्यांदा आले आणि ५ सप्टेंबरला सोलमध्ये पॅलेस्टाइनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात घरच्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. सामना ०-० असा सुटला. पुढे ५ जून २०२५ रोजी बसऱ्यात इराकला २-० असे हरवून, पात्रता फेरीत एकही पराभव न पत्करता कोरियाने २०२६ च्या विश्वचषकातली जागा पक्की केली, तरी राग पुरता ओसरला नाही. हा राग त्यांची नेमणूक करणाऱ्या कोरियन फुटबॉल महासंघाच्या कारभारावर असायला हवा. त्याची किंमत होंग यांच्याकडून वसूल करणे मला अन्यायाचे वाटते.

खेळाडू म्हणून त्यांच्या थोरवीबद्दल वाद नसावा. १९९० ते २००२ असे सलग चार विश्वचषक खेळलेले ते पहिले आशियाई फुटबॉलपटू. बचावफळीच्या मागे थांबून, संधी दिसताच चेंडू घेऊन पुढे सरकणारा लिबेरो ही त्यांची जागा होती, आणि १९९४ मध्ये स्पेन व जर्मनी या दोघांविरुद्ध त्यांनी गोलही केले. २२ जून २००२ रोजी ग्वांगजूमध्ये स्पेनविरुद्धच्या शूटआउटमधली निर्णायक पेनल्टी कर्णधार म्हणून त्यांनीच मारली आणि आशियातला संघ प्रथमच विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला.

प्रशिक्षक म्हणूनही त्यांचे काम मोठे आहे. २००९ च्या वीस वर्षांखालील विश्वचषकात त्यांनी संघाला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले, त्यातल्याच अनेक मुलांना घेऊन २०१० च्या आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळवले, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानला २-० असे हरवून कोरियन फुटबॉलला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. २०१४ च्या विश्वचषकातले अपयश सर्वांना आठवते. पण तेव्हा त्यांच्या हाती जेमतेम एक वर्ष होते.

पंचाची शिट्टी

चर्चा सुरू करणाऱ्या लिबेरो यांनी नेमणूक आणि काम यांत ओढलेली रेघ मला मान्य नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये, आशियाई चषकात जॉर्डनकडून ०-२ असा पराभव झाल्यावर, तेव्हाचे प्रशिक्षक युर्गन क्लिन्समन यांना काढण्यात आले. त्यानंतर तब्बल पाच महिने शोध चालला. गस पोयेट आणि डेव्हिड वॅग्नर या परदेशी प्रशिक्षकांच्या मुलाखती घेण्यासाठी महासंघाचे तांत्रिक संचालक युरोपात गेले. होंग यांना मात्र तशा मुलाखतीला सामोरे जावे लागले नाही. निवडीसाठी नेमलेल्या समितीतले माजी खेळाडू पार्क जू-हो यांनीच या पद्धतीवर जाहीर टीका केली. क्रीडाखाते सांभाळणाऱ्या मंत्रालयाच्या तपासणीतही प्रक्रियेत दोष आढळले, आणि होंग यांना संसदेच्या समितीपुढे प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली.

महासंघ चुकला हे खरेच. पण होंग २०१७ ते २०२० या काळात त्याच महासंघात वरिष्ठ पदाधिकारी होते, त्यामुळे नियम कसे असतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. शिवाय तेव्हा ते उल्सान या कोरियन क्लबचे प्रशिक्षक होते, आणि मोसम ऐन भरात असताना, आपण क्लब सोडणार नाही अशी समजूत तिथल्या प्रेक्षकांची करून दिल्यानंतर ते गेले. १० जुलैला ग्वांगजू एफसीविरुद्धच्या सामन्यात उल्सानच्याच पाठीराख्यांनी निषेधाचे फलक झळकावले. ज्या शहराने आपल्यावर जीव लावला, त्याच्याशी असे वागणारा माणूस केवळ महासंघाच्या कारभाराचा बळी कसा ठरतो?

लिबेरो

उल्सानच्या लोकांचे दुःख मी नाकारत नाही. परंतु त्याच क्लबला २००५ नंतर तब्बल सतरा वर्षांनी, २०२२ मध्ये, विजेतेपद कोणी मिळवून दिले, आणि २०२३ मध्ये ते क्लबच्या इतिहासात प्रथमच राखले कोणी, हेही त्याच हिशेबात मांडा. वर्षानुवर्षे शेवटच्या आठवड्यांत हातचे विजेतेपद घालवणारा तो संघ होता. त्याच्या मनातली ती भीती काढणे हे डावपेचांपेक्षा अवघड काम आहे.

डावी बगल

माझा आक्षेप नेमणुकीहून जुना आहे. २०१३ मध्ये पद स्वीकारताना, ज्यांना आपल्या क्लबकडून नियमित खेळायला मिळत नाही त्यांना संघात जागा नाही, असे धोरण होंग यांनी स्वतः जाहीर केले होते. तरीही आर्सेनलमध्ये बाकावर बसलेल्या आणि पुढे वॉटफर्डलाही फारसे न खेळलेल्या पार्क चू-यंग यांना त्यांनी ब्राझीलला नेले, आणि पोहांग क्लबकडून बहरात असलेल्या ली म्यूंग-जू यांना वगळले. रशियाशी १-१ बरोबरी, अल्जीरियाकडून २-४ पराभव. पार्क दोन्ही सामन्यांत सुरुवातीपासून खेळले आणि गोलविना राहिले. तिसऱ्या सामन्यात ते संघाबाहेर गेले तोवर वेळ निघून गेली होती, आणि बेल्जियमनेही ०-१ असे हरवले. संघ परतला तेव्हा इंचॉन विमानतळावर लोकांनी खेळाडूंसमोर टॉफ्या फेकल्या; कोरियात हा अपमान समजला जातो. लोकांनी असे करायला नको होते. पण त्या रागामागचे कारण खरे होते.

मला अधिक खटकते ते हे की होंग यांना घडवणारे २००२ च्या संघाचे प्रशिक्षक गुस हिडिंक यांनी नेमके उलटे केले होते. २००१ मध्ये हिडिंक यांनी खुद्द होंग यांनाच दीर्घकाळ संघाबाहेर ठेवले आणि जागा परत कमवायला लावली. २००२ मध्ये इटलीविरुद्ध एक गोल मागे असताना, ८३ व्या मिनिटाला, त्यांनी कर्णधार होंग यांना बाहेर बोलावून आक्रमक चा दू-री यांना आत पाठवले. पाच मिनिटांत बरोबरी झाली. नाव न पाहता निर्णय घेणे म्हणजे काय, हे ज्याने स्वतःच्या अंगावर अनुभवले, त्याने तो धडा का घेतला नाही?

लिबेरो

कारण त्यांचा अनुभव दुसरीकडेही बोट दाखवत होता, आणि तो आपण वगळता आहात. २०१२ मध्ये सक्तीची लष्करी सेवा लांबणीवर टाकल्याबद्दल याच पार्क चू-यंग यांच्यावर देशभर टीका होत होती. तेव्हा होंग पत्रकार परिषदेत त्यांच्या शेजारी बसले, आणि पार्क सैन्यात गेले नाहीत तर त्यांच्याऐवजी आपण जाऊ असे बोलून गेले. ऑलिंपिक पदकाच्या त्या सामन्यात, कार्डिफमध्ये, जपानविरुद्ध पहिला गोल पार्क यांनीच केला. त्याच सामन्यात अखेरच्या मिनिटांत होंग यांनी बचावपटू किम की-ही यांना मैदानात उतरवले, कारण पदकामुळे मिळणाऱ्या लष्करी सवलतीसाठी स्पर्धेत प्रत्यक्ष खेळणे आवश्यक होते आणि तोवर खेळायला न मिळालेले ते एकटेच उरले होते. ज्या संघाला आपला प्रशिक्षक असा विचार करतो हे ठाऊक असते, तो संघ त्याच्यासाठी धावतो. २०१० च्या आशियाई क्रीडास्पर्धेत इराणविरुद्ध १-३ असे मागे असताना ४-३ असा विजय याच मुलांनी खेचून आणला होता.

डावी बगल

तेविशीच्या आतल्या मुलांना ती माया पुरते. सोन ह्युंग-मिन, किम मिन-जे, ली कांग-इन अशा नामवंत खेळाडूंच्या संघाला प्रशिक्षकाकडून आधी खेळाची स्पष्ट योजना हवी असते. २०२५ च्या उन्हाळ्यापासून होंग तीन बचावपटूंची मांडणी आजमावू लागले, आणि १० ऑक्टोबरला सोलमध्ये ब्राझीलने त्या मांडणीवर पाच गोल चढवले. त्यांच्यासारख्या लिबेरोच्या हाताखाली बचावफळीतल्या तिघांपैकी पुढे कोणी जायचे आणि जागा कोणी राखायची हे तरी पक्के ठरलेले दिसायला हवे होते. त्या रात्री ते दिसले नाही. चारच दिवसांनी पॅराग्वेला २-० असे हरवले, हे मी मान्य करतो. पण विश्वचषकात कोरियाला गाठायचे आहे ते ब्राझीलच्या तोडीच्या संघांना, आणि माझी शंका तिथलीच आहे.