मदत हवी आहे: जुन्या ऑप्टिप्लेक्सला ग्राफिक्स कार्ड टाकायचंय, पण ६ पिनची वायरच नाही

नमस्कार मंडळी,

भाच्याला दहावीच्या आधी शब्द दिला होता, की सुट्टीत त्याचा कॉम्प्युटर गेम चालण्याजोगा करून देईन. तो साताऱ्यात माझ्याकडे राहूनच शिकला, मार्कही छान पडले. आता शब्द पाळायचाय. पण मी एकदा फसलेय, दुसऱ्यांदा पैसे घालवणं परवडणार नाही, म्हणून आधी तुम्हाला विचारते.

मशीन डेल ऑप्टिप्लेक्स ७०१०, मोठं उभं कॅबिनेट. एका ऑफिसने काढलेल्या लॉटमधून घेतलेलं. प्रोसेसर आय-५ ३४७०, रॅम ८ जीबी डीडीआर-३ (४-४ च्या दोन पट्ट्या), २४० जीबीची एसएसडी मीच नंतर बसवली. विंडोज १० आहे. मॉनिटर जुना, १३६६ बाय ७६८ चा, त्याला व्हीजीएशिवाय दुसरं काही नाही.

मागच्या महिन्यात ऑनलाइन एका विक्रेत्याकडून साडेतीन हजारांना '१०५० टीआय ४ जीबी' हे ग्राफिक्स कार्ड घेतलं. खोक्यावर तेच नाव, विंडोजमध्येही तेच. मागे निळा व्हीजीए पोर्ट होता. आपल्या मॉनिटरला हाच लागतो म्हणून मला तर बघून बरंच वाटलं. पण गेम लावला की दोन मिनिटांत चित्र फाटायचं आणि स्क्रीन काळी. शेवटी जीपीयू-झेड (कार्ड कोणतं ते ओळखणारं सॉफ्टवेअर) टाकून पाहिलं, तर कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात 'फेक' असं आलं. विक्रेता आता फोन उचलत नाही. भाचा एवढंच म्हणाला, "राहू दे आत्या, जुनेच खेळतो." ते मला जास्त लागलं.

काल रात्री कॅबिनेट उघडून मोबाइलच्या उजेडात एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) एकेका वायरीचा माग काढला. स्टिकरवर २७५ वॉट आहे. जाड २४ पिनची बोर्डात गेलीय, ४ पिनची प्रोसेसरजवळ, बाकीच्या साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या. कार्डाला लागते ती ६ पिनची कुठेच नाही.

बजेट नऊ हजार. त्याला जीटीए फाइव्ह, फोर्झा होरायझन ५ आणि रेड डेड रिडेम्प्शन २ खेळायचेत. या पॉवरवर कोणतं कार्ड चालेल? आणि कार्ड चांगलं घेतलं तरी प्रोसेसर अडवेल का?

प्रतिसाद १

ताई, व्हीजीए पोर्ट हीच खूण होती. एनव्हिडियाच्या १० सिरीजच्या चिपमधून, म्हणजे २०१६ पासून, व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. जुन्या चिपचं बायोस (आतला मूळ प्रोग्राम) बदलून ती १०५० टीआय म्हणून खपवतात. तुमचा दोष नाही, विंडोजला कार्ड जे नाव सांगतं तेच ते दाखवतं.

आता अस्सल मिळालं तरी १०५० टीआय घेऊ नका. त्या पिढीला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालेत.

लांब स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉट मिळतात, तेवढ्यात भागेल असंच कार्ड हवं. तुमच्या बजेटमध्ये जीटीएक्स १६५० सेकंडहँड बघा. २०१९ चं आहे, ७५ वॉटचं, ड्रायव्हर अजून येतात. मात्र १६५० च्या काही मॉडेलांना वरच्या कडेला ६ पिनचं सॉकेट असतं. फोटोत ती कडा दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

आरएक्स ६४०० कोणी सुचवेल, ५३ वॉटच घेतं म्हणून. पण त्याला चारच लेन (डेटाच्या वाटा) आहेत आणि तुमचा बोर्ड जुन्या, कमी वेगाच्या पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, त्यामुळे ४ जीबी मेमरी भरली की ते जास्तच अडखळतं. बजेट वाढलं तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं, ७० वॉटचं. ८ जीबीवाल्याला वेगळी वायर लागते, ते नको.

आणि एक कळकळीने सांगतो. दुकानदार "साटाची वायर ६ पिनला जोडून देतो" म्हणेल. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटपर्यंतचाच असतो, ६ पिनवरून कार्ड ७५ ओढू शकतं. तो वितळलेला मी हातात घेऊन पाहिलाय. अजिबात करू नका.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं, पण प्रोसेसरचं राहिलं. २०१५ साली जीटीए फाइव्ह पीसीवर आला तेव्हा शिफारशीत आय-५ ३४७० हेच नाव होतं, तुमच्याकडचंच. मार्च २०२५ ला आलेली 'एन्हान्स्ड' आवृत्ती मात्र किमान आय-७ ४७७० मागते. म्हणून इन्स्टॉल करताना 'लेगसी' निवडा. रेड डेड २ चालेल, पण त्याला १५० जीबी जागा लागते. तुमच्या एसएसडीवर तो एकटाच मावेल. फोर्झाला कंपनी किमान जीटीएक्स ९७० सांगते, १६५० त्याच्या खाली आहे. तुमच्या रिझोल्यूशनला सगळं लो ठेवून खेळता येईल, पण अपेक्षा तेवढीच ठेवायची, भाच्यालाही आधीच सांगा.

कार्डानंतर पैसे उरले तर आधी रॅम १६ करा. त्याच जातीच्या ४-४ च्या आणखी दोन पट्ट्या बसतील, जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. मग कधीतरी आय-७ ३७७०. सॉकेट तेच, ७७ वॉटही तेच, फक्त थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) चाराचे आठ होतात. पण या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-२ (काही नव्या गेमना लागणारा सूचनांचा संच) नाही, त्यामुळे काही नवे गेम कोणतंही कार्ड लावलं तरी सुरूच होणार नाहीत. म्हणून या मशीनवर पंधरा-वीस हजार घालायला मी सांगणार नाही.

कार्ड बसवण्याआधी बोर्डाचं बायोस अपडेट करून घ्या. जुन्या बायोसवर कधीकधी नवं कार्ड चित्रच देत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रात्री भाच्याला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. फोर्झाचं ऐकून जरा हिरमुसला, पण रेड डेड चालेल म्हटल्यावर लगेच एसएसडीतलं काय काय उडवायचं त्याची यादी करायला बसला.

पुण्यात तपकीर गल्लीत एकाकडे १६५० आहे, साडेसहा म्हणतोय. कडेचा फोटो मागवला, सॉकेट नाही. दुकानात जीपीयू-झेड आणि वीस मिनिटं गेम चालवून दाखवायला तयार आहे. बायोसचं आजच करते.

आता अडलंय मॉनिटरपाशी. १६५० ला व्हीजीए नाही, मग एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागेल ना? साधी केबल चालेल की आत चिप असलेलाच घ्यायचा? शनिवारी सकाळच्या एसटीने निघतेय, त्याआधी कळलं तर तिथूनच आणेन.

प्रतिसाद १

चिपवालाच, ताई. साध्या केबलने डिजिटलचं ॲनालॉग होत नाही, स्क्रीन काळीच राहील. आणि केबल बोर्डाच्या नाही, कार्डाच्या पोर्टला लावा.