शब्दचर्चा : खेळाच्या संघाच्या 'मॅस्कॉट'ला मराठीत काय म्हणावं?

विश्वामित्रीकाठची

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. अमेरिकेतल्या संघांची नावं आणि त्यांचे मॅस्कॉट, म्हणजे संघाची ओळख म्हणून मिरवली जाणारी पात्रं आणि चित्रं, यांवरून जे रण माजलं, त्यावर लेख आहे. पहिली दोन पानं 'शुभंकर' लिहून निभावली. मग इलिनॉय विद्यापीठ आलं. तिथे १९२६ पासून २००७ पर्यंत एक विद्यार्थी पिसांचा टोप आणि कातडी पोशाख चढवून मध्यंतरात मैदानावर नाचायचा. नाव 'चीफ इलिनिवेक'. आता माझं वाक्य असं झालंय : 'हा शुभंकर तिथल्या मूळ रहिवाशांना अपमानास्पद वाटत असे.' शुभ करणारा अपमान कसा करेल? वाचताना ठेच लागते. आमच्या सासूबाई अंकाची मुद्रितं तपासतात. त्या म्हणाल्या, शुभंकर हिंदीवाल्यांचा, आपला शब्द बोधचिन्ह. मला ते पटत नाही, कारण बोधचिन्ह कागदावर असतं आणि हा तर नाचतोय. काय लिहू?

रावपुरावासी

सासूबाईंचं बरोबर आहे. दूरदर्शनच्या हिंदी बातम्यांतून 'शुभंकर' आपल्या वर्तमानपत्रांत आला आणि आपण तो तपासून न बघता घेतला. बडोद्यात २०१८ ला ९१वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा आपण सगळे बोधचिन्हच म्हणत होतो ना? चांगला शब्द घरात असताना शेजाऱ्याकडे कशाला जायचं?

व्याकरणप्रेमी

शुभंकर हिंदी कसा काय? भयंकर, क्षेमंकर, प्रियंकर यांच्याच घडणीचा तो संस्कृत शब्द आहे. तिन्हीसांजेला दिव्यापुढे 'शुभंकरोति कल्याणम्' म्हणणाऱ्याला तो परका वाटायचं कारण नाही. मात्र ताईंचं वाक्य अडखळतं ते खरं. त्याचं कारण असं, की मॅस्कॉट शब्दात मुळात जादू आहे. दक्षिण फ्रान्सातल्या प्रोव्हान्सल बोलीत 'मास्को' म्हणजे चेटकीण आणि 'मास्कोतो' म्हणजे तिचा मंतर. १८८० मध्ये पॅरिसात ओद्राँचा 'ला मास्कोत' हा संगीत नाट्यप्रयोग गाजला आणि ज्याच्या पायगुणानं भाग्य उजळतं ते माणूस किंवा वस्तू, हा अर्थ जगभर पसरला. शुभंकरमध्ये पायगुण येतो, पण चेटूक गळून पडतं.

सूरसागरकर

चेटकीण कुठली? मस्करी, मसखरा, मास्क, मस्कारा आणि मॅस्कॉट ही एकाच अरबी 'मस्खरा'ची पिलावळ आहे. तोंडाला रंग फासायचा, मुखवटा घालायचा आणि लोकांना हसवायचं. मैदानावरचा मॅस्कॉट दुसरं काय करतो? मी तर 'मसखरा' लिहीन.

व्याकरणप्रेमी

मस्करी अरबीतून आली हे मान्य. पण लोंबार्ड राजा रोथारी याच्या ६४३ सालच्या लॅटिन कायद्यात चेटकीण या अर्थी 'मास्का' लिहिलेलं आहे. इतक्या लवकर उत्तर इटलीच्या कायद्यात अरबी शब्द शिरला असेल, हे पटण्यासारखं नाही. मास्कचं मूळ काय यावर पंडित भांडतात, मॅस्कॉटच्या चेटकिणीवर फारसं कुणी भांडत नाही.

फतेगंज

तुम्ही सगळे पॅरिसला पोचलात. मी समा रोडवर थांबतो. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातेत झाल्या. जिम्नॅस्टिक्स आणि हँडबॉल आपल्या बडोद्यात होते. त्या स्पर्धांचा मॅस्कॉट सिंह होता आणि त्याचं नाव 'सावज'. गुजरातीत सावज म्हणजे गीरचा राजा. पोस्टर बघून माझी आई म्हणाली, अरे, सिंहाला सावज काय म्हणता, सावज तर तो मारतो ते! घरात नातवंडं गुजराती माध्यमातली, त्यांना आजीला काय खटकलं तेच कळेना. शुभंकर की बोधचिन्ह हे राहू दे, नावाचंच काय करायचं ते सांगा. मराठी बातमीत 'सावज मैदानात उतरलं' असं छापून आलं तर वाचक काय समजेल?

कारेलीबाग

वा, हे आमच्याही घरी झालं होतं! दोन्ही सावज एकाच श्वापदाची पोरं आहेत. श्वापदाचं प्राकृतात सावय झालं आणि त्याचं सावज. जुन्या मराठीत सावज म्हणजे रानातलं जनावर, कुठलंही. आपण शिकाऱ्याच्या बाजूनं बघत राहिलो म्हणून सावज म्हणजे शिकार झाली. सोरठातल्या माणसाच्या मनात जनावर म्हटलं की सिंहच उभा राहतो, म्हणून तिकडे तो राजा झाला. लिंगसुद्धा बघा : मराठीत 'ते सावज', गुजरातीत 'तो सावज'.

रावपुरावासी

म्हणजे आता गुजराती अर्थही मराठीत घ्यायचा? बडोद्याची मराठी आधीच 'चालेल ने' म्हणते.

कारेलीबाग

बडोद्याची मराठी दोनशे-अडीचशे वर्षं गुजरातीच्या मांडीला मांडी लावून बसली आहे. त्यानं ती बाटली नाही. सयाजीराव महाराजांच्या सरकारनं १९३१ साली 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला. इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे सगळे प्रतिशब्द एका ओळीत मांडले. कारभाराला शब्द हवा तर आधी सगळ्या शेजाऱ्यांकडे काय आहे ते बघा, ही त्यामागची दृष्टी. आणि खेळाचंच बोलायचं तर जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकरावांनी सांघिक कवायतीच्या आज्ञा हिंदीत बसवल्या. मराठी माणसानं, बडोद्यात. त्यांची मराठी कुठे पातळ झाली?

रावपुरावासी

आज्ञा वेगळी आणि संज्ञा वेगळी. शंभर पोरांना एका वेळी वळवायचं तर सगळ्यांना कळेल ती भाषा हवीच. दिवाळी अंक मराठी वाचकासाठी आहे.

विश्वामित्रीकाठची

सावजाचं फार आवडलं, पण माझा लेख अजून तिथेच आहे. एक नवी अडचणही आली. कुणी 'प्रतीक' लिहा असं सुचवायच्या आधी सांगते. इलिनॉय विद्यापीठ म्हणायचं की चीफ हा मॅस्कॉट नाही, आमचं मानाचं प्रतीक आहे. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा घोड्यावर बसून भाला रोवणारा सेमिनोल पुढारी ओसिओला आहे, त्यालाही ते मॅस्कॉट म्हणू देत नाहीत, प्रतीकच म्हणतात. फरक इतकाच की फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीचा त्याला पाठिंबा आहे आणि २००५ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं असे मॅस्कॉट आपल्या अंतिम स्पर्धांत नकोत असं ठरवलं, तेव्हा या पाठिंब्यामुळेच त्या विद्यापीठाला सूट मिळाली. म्हणजे मी 'प्रतीक' लिहिलं तर वादात एका पक्षाची बाजू घेतल्यासारखं होतं.

मोतीबाग

ताई, तुमचा चीफ नाचतो ना? मग त्याला मराठीत सरळ शब्द आहे : सोंग. लळितात सोंगं येतात, बोहाड्यात सोंगं नाचतात. मुखवटा चढवून दुसऱ्याचं रूप घेऊन लोकांपुढे येणं म्हणजे सोंग. देवाचं सोंग आणताना आधी पाया पडतात, घेणाऱ्याच्या घरी तो मान पिढ्यानपिढ्या चालतो. आणि तोच शब्द 'माझं सोंग काढतोस काय?' असाही वापरतात. मान आणि अपमान दोन्ही त्या एका शब्दात मावतात. तुमच्या लेखातला वाद नेमका हाच आहे. विद्यापीठ म्हणतं आम्ही मानानं सोंग आणलं, ते लोक म्हणतात तुम्ही आमचं सोंग काढलंत.

व्याकरणप्रेमी

हे फार नेमकं आहे. पण १९८२ च्या आशियाई खेळांतल्या अप्पूला सोंग म्हणाल का? हत्तीचं पिल्लू, सगळ्या देशाचं लाडकं.

मोतीबाग

अप्पूला अप्पूच म्हणत होतो. मी तेव्हा शाळेत होतो, वहीच्या पुठ्ठ्यावर अप्पू, बिल्ल्यावर अप्पू. कुणाला सामान्यनामाची गरजच भासली नाही. आणि हत्तीनं कधी तक्रार केली नाही की माझं चित्र का काढलं. जनावराच्या बाबतीत शुभंकर खुशाल लिहा. माणसाच्या बाबतीत लिहू नका, एवढंच म्हणणं आहे. एकाच इंग्रजी शब्दाला मराठीत दोन शब्द झाले तर बिघडलं कुठे?

सूरसागरकर

पण आपल्याकडे कुणाला वाईट वाटतं का? मुंबई इंडियन्स आहे, पुणेरी पलटण आहे. तिकडे क्लीव्हलँड इंडियन्स या बेसबॉल संघाचं नाव बदललं ही बातमी आली तेव्हा मला वाटलं आपल्यालाच काढलं. उगीच ताणतात लोक. नाव ठेवलं म्हणजे मानच दिला ना?

विश्वामित्रीकाठची

पुणेकरांनी स्वतःला पुणेरी म्हणणं वेगळं. क्लीव्हलँडच्या टोपीवर लालभडक चेहऱ्याचा, दात विचकणारा 'चीफ वाहू' होता. तो २०१८ च्या हंगामानंतर गणवेशावरून उतरवला आणि २०२२ पासून संघ 'गार्डियन्स' झाला. तिथल्या एका जुन्या पुलावर वाहतुकीच्या रखवालदारांचे दगडी पुतळे आहेत, त्यांच्यावरून. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचं 'रेडस्किन्स' तर सरळ कातडीच्या रंगावरून दिलेली शिवी. १९३३ पासून चाललेलं ते नाव जुलै २०२० मध्ये सोडलं, तेही बड्या प्रायोजकांनी दबाव आणल्यावर. त्याआधी १९९२ पासून तिथल्या मूळ रहिवाशांनी ट्रेडमार्कविरुद्ध दाद मागितली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठानं मात्र विद्यार्थ्यांचं ऐकून १९७२ मध्येच आपला 'इंडियन' सोडून दिला. आणि मनाला लागणं म्हणजे हळवेपणा नव्हे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनं २००५ मध्ये असे सगळे मॅस्कॉट बंद करा असा ठराव केला, तो मुलांवर होणाऱ्या परिणामांचे अभ्यास पुढे ठेवून.

आजवा रोड

आपल्याकडे कुणाला वाईट वाटत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी लिहिते. मी इथल्याच एका शाळेत शिकवायचे. नाव घेत नाही. क्रीडादिनाच्या संचलनात प्रत्येक गटानं आपापलं एक पात्र पुढे चालवायचं होतं. एका गटानं 'आदिवासी' ठरवला. चौथीतल्या मुलाच्या अंगाला काजळी फासली, कमरेला आसोपालवाची पानं सुतळीनं बांधली, गालावर चुन्याचे ठिपके, हातात बांबू. 'हूहू' करत उड्या मारायला सांगितलं. टाळ्या पडल्या. त्याच रांगेत मागे छोटा उदेपूरकडची राठवा या आदिवासी जमातीतली मुलगी उभी होती. वडील वीज खात्यात, पोरगी वर्गात गणितात पहिली. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, 'टीचर, आमच्याकडे असं कुणीच करत नाही.' तिच्या घरी मी गेलेली आहे. भिंतीवर पिठोरा देवाच्या चित्रातले घोडे, प्रत्येकाचा रंग वेगळा, ते लिहून घेताना बडव्याला, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याला, बोलावतात, रात्रभर गाणं चालतं. त्यातलं काहीसुद्धा त्या काजळीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी हे शिक्षकांच्या बैठकीत मांडलं, तर उत्तर मिळालं की मुलांचा खेळ आहे, मनावर घेऊ नका. मोतीबाग म्हणतात तो 'सोंग' शब्द मला तंतोतंत पटतो. ताई, तुमच्या लेखात तोच घाला.

सूरसागरकर

हे वाचून गप्प बसवत नाही. आम्हीही लहानपणी ती पानं बांधली आहेत. मी 'ताणतात' म्हटलं ते तुमच्या या मुलीसमोर म्हणणार नाही.

रावपुरावासी

आजवा रोड ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण 'आदिवासी' हा शब्द अमेरिकेतल्या लोकांना लावू नका. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'रेड इंडियन' होतं, तेही नको. मूळ अमेरिकी लिहा.

फतेगंज

राठवा स्वतःला आदिवासी म्हणवतात आणि अभिमानानं म्हणवतात. तेजगढच्या अकादमीचं नावच आदिवासी अकादमी आहे. शब्दात दोष नाही, काजळीत होता.

दांडियाबाजार

उशिरा आले. कुणालाच 'ताईत' सुचला नाही याचं नवल वाटतं. व्याकरणप्रेमींनी सांगितलेला तो प्रोव्हान्सल मंतर म्हणजे ताईतच की. शिवाय 'गळ्यातला ताईत' म्हणजे सगळ्यांचा लाडका. रक्षण करणारा आणि लाडका, मॅस्कॉटच्या दोन्ही अर्थांना एकाच वेळी बसणारा मराठी शब्द माझ्या माहितीत दुसरा नाही. 'अप्पू हा खेळांचा ताईत होता', वाचा बरं मोठ्यानं.

रावपुरावासी

ताईत अरबी तावीजवरून आलाय.

दांडियाबाजार

आणि तरी गळ्यात मराठी माणसाच्याच आहे. माझे वडील म्हणत, विजय हजारे म्हणजे बडोद्याच्या गळ्यातला ताईत. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल मोहम्मद यांनी ५७७ धावांची भागी केली, ती इथेच. हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. वडिलांनी हा आकडा कधी चुकवला नाही.

मोतीबाग

ती भागी २००६ पर्यंत कुठल्याही गड्यासाठीची जगातली सर्वांत मोठी होती, मग संगकारा-जयवर्धने यांनी ६२४ केल्या. आणि हजारे मूळचे सांगलीचे, हे इथले लोक सोयीस्कर विसरतात.

फतेगंज

विसरत नाही. सांगलीनं जन्म दिला, बडोद्यानं संघ दिला.

विश्वामित्रीकाठची

मंडळी, शुभंकर, सोंग, ताईत, तिन्ही लिहून ठेवलेत. सासूबाई सोंगावर राजी आहेत, पण शीर्षकात नको म्हणतात. शीर्षकाला काय देऊ? सगळ्या संघांना एकत्र सामावणारा एखादा शब्द हवा.

व्याकरणप्रेमी

देवक कसं वाटतं? कुळाचं रक्षण करतं, कुळाची ओळख सांगतं, त्याला इजा करायची नाही असा दंडक. मोराचं पीस, कळंब, सूर्यफूल, पंचपालवी. संघ म्हणजे कुळ धरलं तर मॅस्कॉट म्हणजे देवक.

आजवा रोड

देवक लग्नात पुजतात, त्याला मैदानात नाचवत नाहीत. माझी हरकत आहे.

कारेलीबाग

हरकत मलाही आहे, पण विषय निघालाच आहे तर विचारते. पंचपालवीत नेमकी कुठली पानं? आमच्याकडे आंबा, जांभूळ, उंबर, रुई आणि शमी. माहेरी शमीऐवजी वड होता. बडोद्यात आल्यावर बदललं की आधीपासून दोन चाली आहेत?

दांडियाबाजार

आमच्याकडे वडच. पण आम्ही साताऱ्याकडचे. तुमचं माहेर कुठलं?