हवाई थीमच्या वाढदिवसाचं आमंत्रण: तुम्ही काय लिहिलंत?

लेकीच्या वाढदिवसाला हवाई थीम ठरलीय, सजावट ठरली, खेळ ठरले आणि आता आमंत्रणाच्या मजकुरावर गाडी अडलीय. 'आलोहा! नक्की या' याच्यापुढे काही सुचतच नाहीये. ज्यांनी अशी पार्टी केलीय त्यांनी काय लिहिलं आणि पाहुण्यांना ते कसं वाटलं ते सांगा ना, मजकूर जसाच्या तसा दिलात तर फारच छान.

*

आम्ही मुलाच्या पहिल्याच वाढदिवसाला केलं होतं. हवाईत पहिला वाढदिवस खरंच दणक्यात करतात, सगळं गणगोत, शेजारीपाजारी, त्याला बेबी लुआउ म्हणतात (लुआउ म्हणजे मेजवानी). हे कळल्यावर थीम नुसती सजावटीपुरती राहिली नाही. कार्डावर लिहिलं, 'आमचं पिल्लू एक वर्षाचं झालं! त्याच्या पहिल्या लुआउला लहानमोठे सगळे या, एकत्र जेवू.' बस एवढंच. आजीआजोबांनाही एका वाचनात समजलं.

*

कपड्यांचं स्पष्ट लिहा हो, पाहुण्यांना सगळ्यात जास्त प्रश्न तोच पडतो. हवाईत आमंत्रणावर चक्क 'आलोहा अटायर' अशी ओळ असते, म्हणजे फुलाफुलांचा शर्ट नाहीतर सैलसर फ्रॉक, आणि तिथे लग्नालाही तेच चालतं. मी लिहिलं होतं, 'फुलाफुलांचं जे काही कपाटात असेल ते घाला, नवीन घेऊ नका. माळ आम्ही घालू.' लोक खूश झाले, विशेषतः ज्यांना वेषभूषा म्हटलं की टेन्शन येतं ते. गवताचा घागरा मात्र लिहू नका असं मला मनापासून वाटतं. तो मूळचा हवाईचा नाहीच, एकोणिसाव्या शतकात गिल्बर्ट बेटांवरून आलेल्या मजुरांबरोबर तो तिथे आला.

*

मी होनोलुलूला राहिलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. हवाईयन शब्द दोनतीनच घ्या पण खरे घ्या. सुरुवातीला 'ए कोमो माई' (या, या!), मधे 'हाऊओली ला हानाऊ' (वाढदिवसाच्या शुभेच्छा), शेवटी 'महालो' (आभार), पुरे. रोमन लिपीत छापणार असाल तर अक्षरांवरच्या आडव्या रेघा आणि ती उलट्या स्वल्पविरामासारखी खूण गाळू नका, त्या स्पेलिंगचाच भाग आहेत. आणि पाहुण्यांना हवाईयन वाटतील अशी हुकाबुका टाइप नावं देणं प्लीज टाळा. १८९६ च्या कायद्याने तिथल्या शाळांमधे इंग्रजी हेच माध्यम झालं आणि ही भाषा जवळजवळ संपत आली होती, १९७८ साली राज्यघटनेत तिला इंग्रजीच्या बरोबरीने अधिकृत दर्जा मिळाला, मग लोकांनी बालवाड्यांपासून ती परत उभी केली. इतक्या कष्टाने जपलेल्या भाषेची नक्कल करून हसायचं हे मला बघवत नाही.

माळेबद्दलही एक ओळ टाका, 'दारात लेइ घालून स्वागत होईल, पार्टीभर गळ्यात राहू द्या.' देणाऱ्यासमोर ती काढणं तिथे बरं दिसत नाही. कुणी गरोदर येणार असेल तर तिच्यासाठी टोकं न बांधलेली माळ ठेवतात, बंद माळ घालत नाहीत.

*

मुलांसाठी आम्ही गाणंच केलं, घ्या हवं तर:

लाट आली, वारा सुटला,
सात वर्षांचा शिंपला फुटला!
फुलाफुलांचा शर्ट घाला,
शनिवारी पाचला नाचायला चला!

मुलं पाठ करून आली होती, दारातच सगळ्यांनी म्हणून दाखवलं!!

*

होनोलुलूच्या ताईंचं पटलं. बाबांच्या साठीला मी वरच्या गाण्याच्या उलट अगदी साधं ठेवलेलं, ना गाणं ना शंखशिंपल्यांची चित्रं. '१८१९ साली हवाईच्या राजाने, दुसऱ्या कामेहामेहाने, बायकांबरोबर जेवायला बसून जुना निर्बंध मोडला. बाबांच्या साठीलाही सगळे एकत्रच बसू. वेळ संध्याकाळी सहा ते नऊ.' बाबांना इतिहास आवडतो त्यामुळे ते कार्ड त्यांनी स्वतः सगळ्यांना वाचून दाखवलं.

*

पाण्याचे खेळ असतील तर 'टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड आणा' हे ठळक अक्षरात, आणि मुलांना न्यायला किती वाजता यायचं तेही. बाकी आलोहा वगैरे नंतर.